नावांची हजेरी

शिबिरांचा हंगाम सुरू झाला की मराठी विभागाला एकाएकी मागणी येते. एरवी ज्यांच्या तासाला वर्गातले निम्मे बाक रिकामे असतात, त्या आम्हा मंडळींना सूत्रसंचालन, आभारप्रदर्शन आणि 'प्रेरणादायी व्याख्यान' यांसाठी हटकून बोलावणे येते. गेल्या हिवाळ्यातही ते आले. विषय होता 'नेतृत्व आणि ध्येय'. उद्योगपतींची चरित्रे वाणिज्य विभागाने आधीच पटकावली होती. उरलेला पाऊण तास आमच्या वाट्याला आला. आम्ही दोघे एकाच विभागात गेली अठरा वर्षे शिकवतो. मराठीची एम.ए. एवढीच आमची शिदोरी; व्यवस्थापनशास्त्राशी आमचा दूरान्वयानेही संबंध नाही. तेव्हा कोकणात जाता-येता माणगावला पाहिलेला एक पुतळा आम्ही व्याख्यानासाठी निवडला.

तो पुतळा नाईक यशवंत घाडगे यांचा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतला हा बावीस वर्षांचा तरुण. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या छोट्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीचा म्होरक्या तो एकटा शाबूत राहिला. बाकीचे सारे ठार वा जखमी झाले. मागे कोणी उरले नाही हे ठाऊक असूनही तो एकटा त्या मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्बने त्याने ती बंद पाडली, हातातल्या बंदुकीतील गोळ्या संपल्यावर तिचा दस्ता चालवला आणि ते ठाणे घेऊन तो तिथेच शत्रूच्या गोळ्यांनी पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचे नाव इटलीत कसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे आणि २०२३ साली माँटोने या गावातही त्याच्या नावाचे एक स्मारक उभे राहिले.

हे सारे आम्ही रंगवून सांगितले. ज्याच्या मागे अनुयायी उरला नाही अशा नायकाला नेता म्हणावे काय, असा एक प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे टाकला. टाळ्या पडल्या. मग शेवटच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, त्या तुकडीतल्या बाकीच्यांची नावं काय होती?"

आम्हाला ठाऊक नव्हती. "नोंद असेलच कुठेतरी," असे काहीसे पुटपुटून आम्ही वेळ मारून नेली. आभारप्रदर्शन आमच्यापैकीच एकाकडे होते. ते त्या दिवशी फार थोडक्यात आटोपले.

वाचकहो, प्रश्न साधा होता. पण तो आम्हाला इतका का लागला, याचे कारण निराळे होते. ते पुढे येईलच.

त्यानंतरच्या रविवारी सात-आठ विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत गेलो. प्रश्नकर्ता अर्थात बरोबर होता. पुण्यात होळकर पुलाजवळ, वाहनांच्या गदारोळापासून हाकेच्या अंतरावर हिरवळीचा हा शांत तुकडा आहे. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या, पश्चिम व मध्य भारतात इतस्ततः पुरलेल्या सैनिकांपैकी ज्यांच्या थडग्यांची निगा पुढे राखली जाण्याची शाश्वती नव्हती, त्यांना येथे आणण्यात आले. दीड हजारांहून अधिक थडगी येथे आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात मरण पावलेल्यांचेही स्मारक येथे आहे, आणि दूर आफ्रिकेतून येऊन या मातीत मेलेल्या सैनिकांची नावेही.

मुलांच्या ध्यानात पहिली गोष्ट आली ती ही, की सगळे दगड सारखे आहेत. उंची, रुंदी, अंतर सगळे सारखे. प्रत्येक दगडावर पलटणीचे चिन्ह, क्रमांक, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख, बहुतेक ठिकाणी वय, आणि काही ठिकाणी तळाशी घरच्यांनी पाठवलेली एखादी ओळ. एक मुलगी वये वाचत रांगेने चालली होती. एकोणीस, बावीस, वीस, एकवीस. थोड्या वेळाने तिने मोठ्याने वाचणे थांबवले. तिचेही वय तेवढेच.

हा सारखेपणा आपोआप आलेला नाही. तो भांडून मिळवलेला आहे. रेडक्रॉसच्या एका पथकाबरोबर फ्रान्सच्या रणभूमीवर गेलेले फेबियन वेअर यांना दिसले की मेलेल्यांची नीट नोंद ठेवणारे कोणीच नाही. त्यांनी ती ठेवायला सुरुवात केली आणि त्यातून १९१७ साली युद्ध-थडग्यांची देखभाल करणारा आयोग स्थापन झाला. सर फ्रेडरिक केन्यन यांनी १९१८ च्या अहवालात तत्त्व घालून दिले, की सेनापती असो वा शिपाई, दगड एकाच मापाचा. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांना आपल्या मुलाचे शव घरी आणायचे होते, त्यावर वेगळे चिन्ह उभारायचे होते. १९२० साली ब्रिटिश संसदेत यावर कडाक्याचा वाद झाला. अखेर तत्त्व टिकले. घरच्यांच्या ओळीलाही मर्यादा होती: ६६ अक्षरे, आणि तीही सर्वांना सारखीच.

या आयोगाचा साहित्य-सल्लागार होता रुडयार्ड किपलिंग. १८६५ साली मुंबईत जन्मलेला. मुलांना तो 'जंगल बुक'वाला म्हणून ठाऊक होता. त्याचा मुलगा जॉन दृष्टी अधू म्हणून सैन्यात नाकारला गेला होता. बापाने ओळखी वापरून त्याला अधिकारपद मिळवून दिले. १९१५ च्या सप्टेंबरात लूसच्या लढाईत तो नाहीसा झाला तेव्हा नुकता अठरा वर्षांचा झाला होता, आणि किपलिंगच्या हयातीत त्याचा देह मिळाला नाही. ज्यांची ओळखच पटली नाही अशा सैनिकांच्या दगडावर काय लिहावे, हे ठरवण्याचे काम पुढे याच बापाकडे आले. याचे नाव ईश्वराला ठाऊक आहे, एवढ्याच अर्थाचे शब्द त्याने निवडले. साम्राज्याच्या या भाटाविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. तरीही त्या दिवशी त्या दगडांमध्ये उभे असताना आम्हाला वाटले की ज्याने दुसऱ्यांच्या मुलांना लढण्याची हाक दिली आणि स्वतःचाही धाडला, त्याला उरलेले आयुष्य नावाच्या शोधात घालवावे लागले, हा न्याय कठोर असला तरी न्यायच होता.

आमचे गाव नगर रस्त्यावर. तेव्हा परतीच्या वाटेत कोरेगाव भीमा लागते. तेथे थांबावे की नाही, यावर आम्हा दोघांत जाताना थोडी कुजबुज झाली होती. २०१८ च्या १ जानेवारीला तेथे झालेल्या हिंसाचारानंतर त्या स्तंभाचे नाव वर्गात काढताना आमचा आवाज आपोआप खाली येतो, हे कबूल केले पाहिजे. आमच्या वर्गात सर्व समाजांची मुले बसतात. पण युद्धस्मारकांविषयी बोलायचे आणि वाटेतल्या स्मारकापुढून काच लावून निघून जायचे, हे मुलांच्या देखत शक्य नव्हते.

१ जानेवारी १८१८ च्या लढाईत कामी आलेल्या कंपनीच्या सैनिकांसाठी कंपनी सरकारने उभारलेला हा स्तंभ. त्यावर मेलेल्यांची नावे आहेत. त्यांपैकी वीसहून अधिक नावांच्या शेवटी 'नाक' येते. हा प्रत्यय महार समाजातील पुरुषांच्या नावांना जोडला जाई. भाषेच्या अभ्यासकाला असा प्रत्यय म्हणजे जिवंत दस्तऐवज. ज्या काळात गावच्या दप्तरात यांपैकी बहुतेकांची नोंद वतनातील कामापुरती व्हायची, त्या काळात त्यांची पूर्ण नावे दगडावर गेली. कंपनीने ती कोरली ती स्वतःच्या गौरवासाठी, हे उघड आहे. पण दगडाचा वाचक कोण होणार, हे दगड कोरणाऱ्याच्या हाती नसते.

१ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले. ते स्वतः एका सुभेदाराचे चिरंजीव. १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली होती. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यातही आली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची नावे या स्तंभावर होती, त्यांना त्याच सैन्याचे दार बंद होते. बाबासाहेबांनी ती नावे वाचली आणि जमलेल्या लोकांना वाचायला लावली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पुढे १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.

मारणारे कोण, मरणारे कोण, कोणासाठी लढले, यावर वाद आहेत आणि राहतील. अर्थ संहितेत असतो की वाचकात, हा प्रश्न आम्ही दरवर्षी समीक्षेच्या पेपरात विचारतो आणि दहा गुणांचे उत्तर तपासतो. येथे त्याचे निराळे उत्तर दिसले. ते शिपाई पगारासाठी लढले असतील. सैनिक पगारासाठी लढतोच. त्यांच्या मरणाला ध्येय दिले ते एकशे नऊ वर्षांनी आलेल्या एका वाचकाने. नेत्याचे काम मोठमोठ्या घोषणा रचण्याचे आहे, असे शिबिरांत सांगितले जाते. येथे त्या नेत्याने केलेली पहिली गोष्ट म्हणजे आधीपासून लिहिलेली नावे लक्षपूर्वक वाचणे.

स्तंभाच्या पायथ्याशी तो मुलगा बराच वेळ उभा होता. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "आमच्या गावात पण असा एक दगड आहे सर. पण त्याच्यावर नावं नाहीत. नुसता आकडा आहे."

पुढच्या आठवड्यात आम्ही तो पाहायला गेलो. गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीत बसवलेली एक संगमरवरी पाटी. पहिल्या महायुद्धानंतर अशा पाट्या सरकारने अनेक गावांतून लावल्या. कोकणात आणि देशावर काही गावांत त्या अजून दिसतात. मजकूर ठरावीक: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतके कामी आले. एवढेच. चुन्याचे थर चढून कडा बुजल्या होत्या. कोण गेले, कोण आले नाही, हे गावात कोणालाही सांगता येईना. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी "बसऱ्याला" एवढा एकच शब्द आजोबांच्या तोंडून ऐकल्याचे सांगितले.

बसरा म्हणजे मेसोपोटेमियाची मोहीम. तिथे गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच पुण्याचे होते: पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. सेनापती होते जनरल चार्ल्स टाउनशेंड. बगदादवर चालून जाण्याविषयी त्यांच्या मनात शंका होत्या, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. आज्ञा वरून आली होती. १९१५ च्या नोव्हेंबरात टेसिफॉनला फौजेची जबर हानी झाली, ती मागे हटून कूट या गावी आली आणि डिसेंबरपासून वेढ्यात सापडली. उपासमारीने जेर होऊन २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. त्यानंतर शिपायांना वाळवंटातून पायी नेण्यात आले. उन्हाने, भुकेने, हगवणीने, मारहाणीने हजारो मेले. सेनापती मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात राहिले. तुर्कांनी त्यांना पाहुण्यासारखे वागवले आणि कैदेत असतानाच, १९१७ साली, त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

त्या मोहिमेत ज्यांची थडगी नाहीत त्यांचे स्मारक बसऱ्याजवळ आहे. चाळीस हजारांहून अधिक जणांचे ते स्मारक. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या. खडकीत आम्ही ज्या समतेपुढे नतमस्तक झालो होतो तिच्या पाठीमागे ही बाजू होती. त्याच आयोगाने २०२१ साली स्वतः अहवाल प्रसिद्ध करून ती कबूल केली: पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या, मुख्यतः आफ्रिका व आशियातील ४५ ते ५४ हजार जणांचे स्मरण असमान रीतीने केले गेले, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांची नावे लावली गेली नाहीत किंवा त्यांचे स्मारकच झाले नाही. आयोगाने क्षमा मागितली. शंभर वर्षांनी मागितलेल्या क्षमेचे मोल किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ज्या संस्थेचा सारा अभिमान समतेवर उभा आहे, तिने आपला हिशेब चुकल्याचे स्वतः तपासून सांगणे, यालाही नेतृत्व म्हणावे लागेल.

चावडीपुढे उभे राहून हे सारे आम्ही मुलांना सांगत होतो आणि सांगता सांगता आमच्यापैकी एकाचा आवाज अडखळला. कारण आता सांगतो.

शिबिराच्या पंधरा दिवस आधी विभागात एक तरुण आला होता. बहिणीचा दाखला हवा, म्हणाला. तिने कॉलेज सोडले होते. त्याने तिचे नाव सांगितले आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दोघांपुढेही चेहरा उभा राहिना. त्याने वर्ग सांगितला, तरी नाही. शेवटी तो जरा संकोचून म्हणाला, "भित्तिपत्रकात तिची कविता लावली होती तुम्ही." मग हजेरीपट काढला. तिच्या रांगेत सप्टेंबरपर्यंत उपस्थितीच्या खुणा होत्या, नंतर सलग गैरहजेरी. ऑक्टोबरात कार्यालयाने कमी उपस्थितीच्या विद्यार्थ्यांची यादी मागितली होती. परीक्षेला बसू न देण्यासाठीची. ती आम्ही पाठवली होती. तेवीस जण. यादीत फक्त अनुक्रमांक होते, कारण नमुन्यात नावाचा रकानाच नव्हता, आणि तो नसल्याचे आमच्या ध्यानातही आले नव्हते. खाली दोघांच्या सह्या होत्या.

तिच्या गावची सकाळची गाडी बंद झाली होती, एवढेच कारण. पुढची गाडी पकडली तर ती तिसऱ्या तासाला पोहोचायची; आमचा तास पहिला. महिनाभर तिने ओढाताण केली, मग घरच्यांनी रोपवाटिकेत कामाला लावले. कोणी विचारले असते तर तिने सांगितले असते. तेवीस आकड्यांना कोणी काही विचारत नाही.

टाउनशेंडच्या बंगल्यावर बोट ठेवणे सोपे आहे. वेढा, वाळवंट, बेट, सगळे दूरचे. पण चावडीच्या भिंतीतला तो आकडा लिहिणारा कारकून दुष्ट नसावा. त्याच्याकडे नमुना आला असेल, त्याने तो भरला असेल, खाली सही केली असेल. आम्हाला तो फार ओळखीचा वाटला.

तेव्हा नेतृत्वाविषयी या तीन दगडांकडून आम्ही काय शिकलो, असे कोणी विचारले तर सांगण्यासारखे थोडेच आहे. ज्यांना आपण पुढे न्यायचे, त्यांना नावाने ओळखण्याचे बंधन आपल्यावर असते, आणि ते बंधन हुद्दा नसलेल्या माणसापाशीच खरे कसाला लागते. ध्येय हा शब्द आम्ही हल्ली जपून वापरतो. दुसऱ्याच्या पोराला ध्येय द्यायला निघण्याआधी ते पोर आज वर्गात का नाही, हे ठाऊक असावे. नाईक घाडगे शत्रूवर धावून गेला तेव्हा त्याला आपल्या मागे पडलेल्या प्रत्येकाचे नाव ठाऊक होते, हे आम्ही व्याख्यानात सांगायला हवे होते. पडलेले ते सारे एकाच तुकडीतले, एकमेकांना हाका मारणारे होते. ती माणसे आमच्या गोष्टीत 'बाकीचे' झाली, हा दोष त्याचा नव्हे, गोष्ट सांगणाऱ्यांचा.

आता आम्ही हजेरी नावाने घेतो. वेळ जातो. पहिल्या तासाची दहा मिनिटे त्यातच संपतात, आणि अभ्यासक्रम मागे पडत असल्याची समज आम्हाला एकदा मिळालेलीही आहे. त्या तेवीस जणांपैकी सतरा जणांची गाठ आतापर्यंत पडली. चौघे परत आले. त्या मुलाने गावच्या पाटीवरील नावे शोधायला घेतली आहेत. दोन सापडली, असे तो सांगतो. घरोघरी विचारत फिरतो आणि वहीत लिहून आणतो. त्याच्या वहीत शुद्धलेखनाच्या चुका आहेत. आम्ही त्या दुरुस्त केलेल्या नाहीत.

आणि आम्ही तिच्या घरी गेलो. संध्याकाळ झाली होती. दारात तिची आई धान्य निवडत होती. "कोण पाहिजे?" म्हणून तिने विचारले आणि आम्ही आपली ओळख कशी करून द्यावी याची जुळवाजुळव करू लागलो. तेवढ्यात आतून मुलगी बाहेर आली, हातापायांना अजून रोपवाटिकेची माती. आम्हाला पाहून ती क्षणभर थबकली. मग तिने आईला आमची दोघांची नावे सांगितली, आडनावांसकट. कोण कोणता पेपर शिकवते तेही सांगितले.

"बसा की सर, मॅडम तुम्ही पण बसा," आई म्हणाली, "चहा टाकते."

परीक्षेचा अर्ज आम्ही बरोबर नेला होता. तो तिने घेतला आणि कपाटावरच्या डब्याखाली ठेवला. भरते की नाही, हे तिने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. दुपारच्या गाडीने पोहोचणाऱ्यांसाठी आमचा तास आता चौथा आहे.